खाते भाड्याने दिले, गुन्हा नावावर आला : वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा असा सायबर कायदा

‘तुझ्या नावावर फक्त एक बँक खाते उघडून दे. एटीएम कार्ड, पासबुक आणि सिम आमच्याकडे राहील. महिन्याला पाच हजार मिळतील, तुला काहीच करायचे नाही.’

बी.कॉम., बीबीए, एम.कॉम. करणाऱ्या मुलामुलींपर्यंत अशी ऑफर कधी टेलिग्रामवरून येते, कधी रूम पार्टनरकडून, तर कधी वस्तीतल्याच एखाद्या ‘दादा’कडून. नाशिकमध्ये येवला, निफाड, सिन्नर, इगतपुरी, मालेगाव अशा तालुक्यांतून शिकायला येणारी अनेक मुले खोली भाड्याने घेऊन राहतात. मेसचे पैसे, बसचा पास, परीक्षा फी यांचा मेळ घालताना महिन्याचे पाच हजार ही मोठी रक्कम वाटते. आणि ‘आपण कुणाला फसवत नाही, फक्त खाते दिले’ असे मनाला समजावता येते.

कायदा मात्र तसे समजत नाही. सायबर सुरक्षेवरची बहुतेक व्याख्याने ‘ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका’ इथे संपतात. ती आपल्याला संभाव्य बळी म्हणून सावध करतात. पण बँक, हिशेब, जीएसटी, ग्राहकांची माहिती याच गोष्टी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरा धोकाही तितकाच आहे. तो म्हणजे नकळत किंवा अर्धवट कळून आरोपी होण्याचा. म्हणून या लेखात गुन्हे आणि शिक्षा दोन्ही बाजूंनी पाहू.

कॉसमॉस बँकेचे प्रकरण काय सांगते?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. हल्लेखोरांनी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत शिरकाव केला आणि बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढून घेतले. त्याशिवाय १३ कोटींहून अधिक रक्कम हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळवली गेली.

हल्ल्याचे सूत्रधार देशाबाहेरचे होते असे तपासात पुढे आले. मग तुरुंगात कोण गेले? एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले आणि काहींना चार, तर काहींना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. हे लोक बनावट कार्डे घेऊन इथल्या एटीएमसमोर उभे राहणारे होते. यंत्रणा फोडण्याचे तांत्रिक काम त्यांनी केले नव्हते. ठरलेल्या मोबदल्यासाठी पैसे काढून पुढे द्यायचे, एवढेच त्यांच्याकडे होते. कॅमेऱ्यात चेहरे त्यांचे आले, मोबाइलचे लोकेशन त्यांचे सापडले.

सायबर गुन्ह्याची साखळी अशीच असते. वरचा माणूस दुसऱ्या देशात, खोट्या नावाने बसलेला असतो. सर्वात खाली खरे नाव, खरे आधार आणि खरा पत्ता असलेला माणूस लागतो. पोलिसांना तोच आधी सापडतो.

भाड्याचे खाते नेमके कसे वापरतात?

समजा हैदराबादच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला शेअर ट्रेडिंगच्या बनावट ॲपवर फसवून आठ लाख रुपये भरायला लावले. ते पैसे थेट ठगाकडे जात नाहीत. आधी एका खात्यात, तिथून काही मिनिटांत चार-पाच खात्यांत, तिथून आणखी पुढे जातात. शेवटी एटीएममधून रोख काढली जाते किंवा क्रिप्टो चलन घेतले जाते. या मधल्या खात्यांना बँकेच्या भाषेत ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचे ओझे वाहणारे जनावर.

त्या शिक्षकाने १९३० वर तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला, त्या सर्व बँकांना सूचना जाते. मग नाशिकच्या विद्यार्थ्याच्या खात्यावर रक्कम रोखली जाते किंवा पूर्ण खाते गोठवले जाते. तक्रार तेलंगणात, तपास तेलंगणाचा आणि चौकशीसाठी बोलावणे नाशिकच्या मुलाला.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी यात आणखी एक फटका आहे. भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती महाडीबीटीमार्फत आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. स्वाधार योजनेची रक्कमही विद्यार्थ्याच्या खात्यातच जमा होते. तेच खाते गोठले तर महिन्याच्या पाच हजारांसाठी वर्षाची शिष्यवृत्ती अडकते. पुढे पोलीस भरती, बँकेची नोकरी, पासपोर्ट अशा प्रत्येक ठिकाणी चारित्र्य पडताळणीत दाखल गुन्ह्याचा प्रश्न उभा राहतो.

कोणते कलम, किती शिक्षा?

सायबर गुन्ह्यांत प्रामुख्याने दोन कायदे एकत्र लागतात. पहिला माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. त्यात २००८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. दुसरा भारतीय न्याय संहिता, २०२३. ही १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी आली. महत्त्वाची कलमे अशी :

माहिती तंत्रज्ञान कायदा

• कलम ४३ आणि ६६ : परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा खात्यात शिरणे, माहिती उतरवून घेणे, व्हायरस टाकणे, डेटा नष्ट करणे. यासाठी कलम ४३ खाली नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

• कलम ६६ सी : दुसऱ्याचा पासवर्ड, डिजिटल सही किंवा ओळख पटवणारी अन्य खूण लबाडीने वापरणे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

• कलम ६६ डी : मोबाइल किंवा संगणक वापरून दुसरीच व्यक्ती असल्याचे भासवून फसवणे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. बनावट कस्टमर केअर, बनावट नोकरीचे कॉल यांत हे कलम नेहमी लागते.

• कलम ६६ ई : कुणाच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय काढणे किंवा पसरवणे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

• कलम ६७ आणि ६७ ए : अश्लील मजकूर प्रसारित केल्यास पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक कृतीचा मजकूर असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. ग्रुपवर ‘फॉरवर्ड’ करणाराही प्रसारित करणाराच ठरतो.

• कलम ८४ बी : गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत दिली आणि गुन्हा घडला, तर मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा.

भारतीय न्याय संहिता

• कलम ३१८ (४) : फसवणूक करून मालमत्ता किंवा पैसा द्यायला लावणे. सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

• कलम ३१७ : चोरीचा किंवा फसवणुकीचा माल, तो तसा आहे हे माहीत असून स्वीकारणे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

• कलम ३०८ : खंडणी. फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागणे यातच येते. सात वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

• कलम १११ : संघटित गुन्हेगारी. या व्याख्येत सायबर गुन्ह्यांचाही समावेश आहे. किमान पाच वर्षे ते जन्मठेप आणि किमान पाच लाख दंड.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातले तीन वर्षांपर्यंतचे गुन्हे जामीनपात्र आहेत. त्यामुळे ‘काय होणार, जामीन मिळतो’ असे सांगणारे भेटतात. पण खरा भार न्याय संहितेच्या कलमांचा असतो. टोळीतला एक म्हणून नाव आले आणि कलम १११ लागले, तर जामीन सोपा राहत नाही.

‘मला माहीत नव्हते’ हा बचाव चालतो का?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ‘असा कायदा आहे हे मला माहीत नव्हते’ हा बचाव कोणत्याही न्यायालयात चालत नाही. ‘खात्यात येणारा पैसा फसवणुकीचा आहे हे मला माहीत नव्हते’ हा बचाव घेता येतो, कारण वरच्या बहुतेक गुन्ह्यांत जाणीव किंवा अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो.

पण न्यायालय पाहते ती परिस्थिती. विद्यार्थ्याच्या खात्यात एका दिवसात सहा लाख आले आणि गेले. एटीएम कार्ड आणि सिम त्याने स्वतः दुसऱ्याच्या हाती दिले. चॅटमध्ये कमिशनचा हिशेब आहे. असे असताना ‘काहीच माहीत नव्हते’ हे पटवणे अवघड जाते. त्यात तो बी.कॉम.चा विद्यार्थी असेल तर बँकिंगचा पेपर त्याने दिलेला असतो.

सिमचेही तसेच. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या नावावर किती सिम आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासता येते. प्रत्येकाने एकदा तपासावे.

ऑफिसात शिरल्यावर

वाणिज्य शाखेची मुले सीए, कर सल्लागार, पतसंस्था, सातपूर-अंबडच्या कंपन्यांचे अकाउंट्स विभाग अशा ठिकाणी शिकाऊ म्हणून लागतात. तिथे रोजच्या सवयीत काही धोके लपलेले असतात.

ग्राहकाची डिजिटल सही ज्या पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते, ते टोकन बहुतेक वेळा कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये पडलेले असते. त्यावर ग्राहकाच्या परवानगीशिवाय विवरणपत्र भरणे किंवा कागद प्रमाणित करणे म्हणजे कलम ६६ सी ला आमंत्रण. ‘साहेबांनी सांगितले म्हणून केले’ एवढ्याने शिकाऊ उमेदवार सुटत नाही. अशा कामासाठी ग्राहकाचा लेखी किंवा निदान मेसेजवरचा होकार मागून घ्यावा.

नोकरी सोडताना ग्राहकांची यादी, दरपत्रके, टॅलीचा बॅकअप स्वतःच्या मेलवर पाठवून घेणारे कमी नाहीत. परवानगीशिवाय डेटा उतरवून घेणे कलम ४३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. पुढे त्याच डेटावर नवा धंदा उभारला तर कलम ६६ लागू शकते.

‘तुझ्या पॅन-आधारवर एक फर्म काढू, जीएसटी नंबर घेऊ, तू फक्त सही कर’ हा तर भाड्याच्या खात्याचाच मोठा भाऊ. अशा फर्मच्या नावाने मालाची देवाणघेवाण न करताच बिले फाडली जातात. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १३२ नुसार अशा बोगस बिलांतून पाच कोटींहून अधिक करलाभ उचलला गेला, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. कागदावर मालक असतो तो विद्यार्थी.

शेवटची बाब, क्रॅक केलेले सॉफ्टवेअर. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी नुसार संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय केवळ दंडावर सोडू शकते. पण स्वतःचे अकाउंटिंगचे काम सुरू केले की ही सवलत गृहीत धरता येत नाही.

समाजमाध्यमे आणि आपण

कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली आपल्या हक्काची. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३ (१) मध्ये सार्वजनिक ठिकाणी जातीवरून अपमान करणे, समाजाविरुद्ध द्वेष पसरवणे आणि समाज ज्यांना आदराने मानतो अशा दिवंगत व्यक्तींचा लेखी किंवा तोंडी अनादर करणे, हे सर्व गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आणि दंड. समाजमाध्यमावरचा मजकूरही ‘सर्वांच्या दृष्टीसमोर’ येतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. मात्र अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा केलेला प्रत्येक अपमान या कायद्यात बसत नाही. तो जातीच्या कारणावरून केलेला असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या बांधवांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे हे संरक्षण त्यांनाही आहे.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. विटंबनेची बातमी आली की संतापाच्या भरात जुना किंवा छेडछाड केलेला व्हिडिओ पुढे ढकलला जातो. दोन समाजांत तेढ निर्माण करण्याबद्दल न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि अशा वेळी आपलीच तरुण पोरे गुन्ह्यांत अडकतात. पोस्ट खोटी तर नाही ना हे तपासावे, मूळ पोस्टची लिंक, तारीख आणि स्क्रीनशॉट जपून तक्रार करावी. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून स्क्रीनशॉट ज्या फोनवर घेतला तो फोनही जपावा.

मत मांडणे हा मात्र गुन्हा नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून आणि त्या पोस्टला केलेल्या लाइकवरून अटक झाली होती. तेव्हा वापरलेले कलम ६६ ए सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. त्यामुळे आज कुणी ६६ ए ची भीती घातली, तर ते कलम रद्द झाले आहे हे ठामपणे सांगा.

फसवणूक झाली तर

पहिला तास महत्त्वाचा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबवता आले तरच परत मिळण्याची शक्यता जास्त.

१. लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा.

२. त्याच वेळी बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे.

३. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण, दोन्हीकडे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत. पण जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे कारण चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द न पाहता तक्रार घ्यायची आहे. ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही करावी लागते.

४. कंपनीच्या किंवा बँकेच्या चुकीने नुकसान झाले असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे पाच कोटींपर्यंतचा भरपाईचा दावा करता येतो. हा मार्ग फार थोड्यांना माहीत आहे.

आणि हेही पक्के ठेवा, ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कोणताही खरा अधिकारी अटक करत नाही. चौकशीला बोलावण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर देऊन भागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. हे घरातल्या आईवडिलांना, आजीआजोबांना आजच सांगा.

खाते आधीच दिले असेल तर

घाबरून चॅट डिलीट करू नका. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे आणि ‘मला कुणी फसवले’ हे दाखवणारा पुरावाही त्याच चॅटमध्ये असतो. खात्यातली संशयास्पद रक्कम काढू नका. बँकेत लेखी अर्ज देऊन कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करा, अर्जाची पोच घ्या. सिम बंद करा. मग वकिलाला सोबत घेऊन सायबर पोलीस ठाण्यात स्वतःहून माहिती द्या. परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आली तर ती टाळू नका. ती खरी आहे का हे त्या पोलीस ठाण्याच्या अधिकृत क्रमांकावर विचारा आणि मुदतीत उत्तर द्या. खाते गोठले असेल तर रक्कम मोकळी करण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, महिला आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे.

१९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा ते वाणिज्याच्याच विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवत होते. आज त्या शाखेत आपली मुले मोठ्या संख्येने आहेत. अनेकांच्या घरात बँकेचे व्यवहार समजणारी ती पहिली पिढी आहे. त्यांच्या त्या ज्ञानालाच आणि गरजेलाही हे दलाल हेरतात. म्हणून वस्तीतल्या विहारात, वसतिगृहात, अभ्यासिकेत रविवारी एक तास या विषयाला द्यायला हवा. विधी सेवा प्राधिकरणाला पत्र दिले तर मार्गदर्शनासाठी वकील येतात. प्रत्येक मुलाला ‘कुणी तुझे खाते मागितले आहे का?’ असे थेट विचारा, आणि हो म्हणणाऱ्याला रागावण्याआधी बँकेत घेऊन जा.